मागाचा खड्डा आणि तीन बिऱ्हाडकरू

आमच्या घरी चाक होतं, पण ते फिरत नव्हतं. आप्पा जातीनं कुंभार आणि हातानंही कुंभार. पण निपाणीच्या आसपासच्या खेड्यांत घरोघरी पितळेच्या घागरी आल्या आणि आमच्या मडक्यांना फक्त सुतकात नि लग्नात गिऱ्हाईक उरलं. माणसं काही रोज मरत नाहीत आणि रोज लग्नंही करत नाहीत. तेव्हा चाक भिंतीला टेकवून सगळं घर निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला लागलं. आप्पा तंबाखू बडवायचे, आई आणि थोरली बहीण पानांच्या शिरा काढायच्या. वखारीतल्या धुळीनं घरच्यांची अशी गत केली होती की कुणी बोलायला तोंड उघडलं तर आधी शिंक यायची, मग वाक्य. आईला शिंकेऐवजी खोकला यायचा आणि तो तिच्याबरोबर घरी यायचा.

मला मात्र तिनं वखारीच्या दारात पाऊल टाकू दिलं नाही. "घरातल्या एकाचं तरी नाक शाबूत राहू दे," म्हणायची. त्या शाबूत नाकासह मी मॅट्रिक झालो. हे मी अभिमानानं सांगतो. आमच्या घराण्यात त्याआधी कुणाला पाटीवर स्वतःचं नाव काढता येत नव्हतं.

बेळगावच्या कॉलेजात मला फीची माफी मिळाली. अट एवढीच की पहिल्या दिवसापासून वर्गात हजर राहायचं. निपाणीहून रोज येणं-जाणं शक्य नव्हतं, म्हणजे बेळगावात राहायला जागा हवी. मोटारीत बसवताना आप्पा म्हणाले, "जागा गावली तर शीक. न्हाय गावली तर ये माघारी. वखारीत जागा हाय." त्यात रागही नव्हता नि धमकीही नव्हती. तिथं खरोखरच जागा होती, म्हणून तर मला भीती वाटली.

बेळगावात गरीब विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगं होती, आणि ती जातवार होती. या जातीचं एक, त्या जातीचं एक, कुणाचं दुमजली, कुणाचं विहिरीसकट. मी एकेका दारात उभा राहिलो. माणसं अतिशय सभ्य. "तुमच्या समाजाचं बोर्डिंग बघा ना," म्हणायची. आमच्या समाजाचं बोर्डिंग नव्हतं, कारण बोर्डिंगात राहण्याइतकं आमच्यात अजून कुणी शिकलंच नव्हतं. आणि शिकलं नव्हतं, कारण राहायला बोर्डिंग नव्हतं. एका बोर्डिंगच्या व्यवस्थापकांनी मात्र कळकळीनं सल्ला दिला की आधी समाज संघटित करा, वर्गणी जमवा, इमारत बांधा, मग शिकायला या.

तेव्हा भाड्याची खोली शोधणं आलं. धर्मशाळेत पथारी टाकायची, सकाळी टोपी झटकायची आणि निघायचं. माझ्या वळकटीला आणि सदऱ्याला तंबाखूचा वास होता. नाक माझं शाबूत असलं तरी कपडे घरच्यांच्यातच राहिले होते. ज्या ओट्यावर मी चढायचो तिथला घरमालक आधी शिंकायचा, मग माझ्याकडे बघायचा.

टिळकवाडीत एक सेवानिवृत्त गृहस्थ भेटले. नाव विचारलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं, तरी त्यांचं समाधान होईना.

"म्हणजे आपण...?"

"कुंभार."

"वा! ब्रह्मदेवाचीच कला की हो ती!"

"खोलीचं काय?"

"माझं काही नाही हो. पण घरात मंडळींना चालत नाही."

आतून मंडळींचा आवाज आला, "मला कशाला मध्ये घालता? मी कधी काय म्हटलं?"

गृहस्थांना त्या क्षणी शिंक आली, आणि ती तंबाखूची नव्हती.

पुढं पुष्कळ घरांतून मला या मंडळींचा अनुभव आला. बेळगावातले झाडून सारे पुरुष पुढारलेले होते. फक्त त्यांच्या बायका त्यांना पुढं जाऊ देत नव्हत्या. खादी घालणारे एक गृहस्थ तर आदल्या संध्याकाळी सभेत म्हणाले होते की जातिभेद हा देशाच्या गळ्यातला धोंडा आहे. मी ते ऐकलं होतं, म्हणून मोठ्या आशेनं गेलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला, शिक्षणाचं महत्त्व सांगितलं आणि जाताना म्हणाले, "खोली आमच्याकडं रिकामी नाही. पण निपाणीला गेलास की वडलांना सांगून दोन माठ पाठवून दे. इकडचे पाझरतात."

शहापुरातल्या एका कानडी व्यापाऱ्यानं जातच विचारली नाही. मला वाटलं, सुटलो. त्यानं विचारलं, "मदुवे आगिदे एनु?" म्हणजे लग्न झालंय का. मी कानडीतच नाही म्हटलं.

"मग खोली नाही. बिनलग्नाचा माणूस आळीत नको. बायको आण, खोली घेऊन जा."

"शिकलो तर बायको मिळणार, साहेब. आणि खोली मिळाली तर शिकणार."

त्यानं विचार केला आणि म्हणाला, "मग आधी लग्न कर."

असा फिरून धर्मशाळेत आलो की तिथं आणखी दोघे अशाच पायपिटीवरून परतलेले असायचे. एक चिकोडीकडचा जैन. त्याच्या समाजाचं बोर्डिंग होतं, पण हा इंटरला नापास झाला होता आणि नापासांना तिथं थारा नव्हता. दुसरा कणकुंबीकडचा, जंगलातला मराठा गडी. त्याला बोर्डिंगातून काढलं होतं ते गोव्याकडच्या मामानं दिलेल्या सुक्या बांगड्यांमुळं. ते त्यानं पेटीत धोतराखाली लपवले होते, पण माशांचा वास काही लपून राहिला नाही.

"तुला कशापायी हाकललं?" त्यानं मला विचारलं.

"मला अजून कुणी घेतलंच न्हाय, तर हाकलतील कुठनं?"

"म्हंजे तू आमच्यापेक्षा बरा," चिकोडीकर म्हणाला. "तुझी बेअब्रू तरी झाली न्हाय."

तिघांनी मिळून खोली बघायची असं ठरलं. एकेकट्याला नाकारायला घरमालकाला एकच कारण लागायचं. आता त्याला तीन कारणं मिळू लागली.

अशानं सगळं गाव संपलं तेव्हा आम्ही वडगावात पोचलो. तिथं घराघरात हातमाग. रस्त्यानं चालताना दोन्ही बाजूंनी खटखट ऐकू यायची. एका विणकराच्या घरी मागची खोली रिकामी होती. तिथं त्याच्या धाकट्या भावाचा माग होता. तो भाऊ भांडून इचलकरंजीला गेला, यंत्रमागावर लागला, आणि परत फिरकला नाही. माग सुटा करून त्याची लाकडं आढ्याला बांधून ठेवली होती. राहिला होता खड्डा. हातमागाला जमिनीत खड्डा लागतो. विणकर काठावर बसतो, पाय आत सोडतो आणि पायानं पावड्या दाबतो. खोलीच्या मधोमध तो कमरेइतका खोल खड्डा, आणि भोवती तीन माणसं कूस बदलणार नाहीत या बोलीवर झोपतील एवढी जागा.

घरमालक गप्प माणूस. कारभार सगळा त्याच्या बायकोचा. तिला सगळी आळी आक्का म्हणायची. तिनं जात विचारली. मी सांगितली. ती म्हणाली, "बरं. दिवा लावता येतोय का?"

दिवा तिच्या दिराच्या मागासाठी होता. माग म्हणजे त्यांची लक्ष्मी. लाकडं वर बांधली असली तरी खड्डा जिवंत आहे, असं ती मानायची. रोज दिवेलागणीला खड्ड्यात पणती लावायची, खड्डा बुजवायचा नाही, आणि दीर परत आला त्या दिवशी खोली सोडायची. "आन् एक दिस जरी दिवा चुकला, तर तुमी तुमच्या वाटंनं." दिराला तिनं लहानाचा मोठा केला होता. आम्ही तिघांनी एकदम माना डोलावल्या. त्या घटकेला तिनं खड्ड्यात हत्ती पाळायला सांगितला असता तरी आम्ही हो म्हटलं असतं.

राहायला लागल्यावर कळलं की खड्डा हीच खोलीतली खरी सोय आहे. काठावर बसून पाय आत सोडले की समोरची जमीन टेबल व्हायची. कॉलेजात खुर्ची-टेबलावर बसणारी पोरं आमच्याइतकी ऐसपैस बसत नसतील. शिवाय खड्डा ही आमची सरहद्द होती. पलीकडं चिकोडीकराची चूल. तिथं कांदा नाही, बटाटा नाही, आणि दिवस मावळायच्या आत जेवण उरकलेलं. अलीकडं माझी नि कणकुंबीकराची चूल. बांगडा भाजायचा तो परसात, आणि तोही चिकोडीकर देवळात गेल्यावर. त्या वेळी आक्का परसात धुणं वाळत घालायला यायची आणि धुण्याबरोबर अर्धा बांगडाही घेऊन जायची.

दिव्याच्या पाळ्या लावल्या. आणि चातुर्मास लागला.

चातुर्मासात वडगावात पंखवाल्या किड्यांचे थवे उठत. पणती लावली की ते त्यावर झेपावत आणि सकाळी खड्ड्यात पंखांचा थर साठे. चिकोडीकरानं आईपुढं चार महिन्यांचा नेम धरला होता: आपल्या हातच्या दिव्यात जीव जळू द्यायचा नाही. हे त्यानं आम्हांला सांगितलं नाही. त्याची पाळी आली की कणकुंबीकर दिवा लावायचा आणि चिकोडीकर त्याच्या वाटची भांडी घासायचा. आम्हांला वाटलं, याला भांड्यांची आवड आहे.

गणपतीला कणकुंबीकर गावी गेला. त्या शुक्रवारी पाळी चिकोडीकराची होती आणि मी कॉलेजच्या वादविवाद सभेत 'स्त्रियांचे शिक्षण हवे की नको' यावर 'हवे'च्या बाजूनं बोलत होतो. सभेत एकही स्त्री नव्हती. मी परत आलो तर माझी वळकटी ओट्यावर, पेटी ओट्यावर, आणि चिकोडीकरही ओट्यावर. भोवती आळी जमलेली.

झालं ते असं. नेमही पाळायचा आणि दिवाही चुकवायचा नाही, म्हणून चिकोडीकरानं ऊन असतानाच पणती लावली. दिवसाउजेडी किडे येत नाहीत. अंधारू लागलं, पहिला किडा घिरट्या घालू लागला, तसा हा खाली वाकला आणि त्यानं फुंकर मारली. नेमकी तेव्हाच आक्का हळदीकुंकवाची वाटी घेऊन दारात आली. भर तिन्हीसांजेला, शुक्रवारी, दिराच्या मागाचा दिवा तिच्या डोळ्यांदेखत फुंकून विझवलेला!

"माझ्या घरची लक्ष्मी फुंकली रं मेल्यानं!" ती ओरडत होती. "माझा दीर परगावी हाय!"

"आक्का, किडं मरत्यात हो," चिकोडीकर पुटपुटला.

"किडं मरत्यात! आन् माझ्या दिराला काय झालं तर मंग?"

आळीतल्या प्रत्येकाला धर्म ठाऊक होता. एक म्हणाला, दिवा फुंकणं हे महापाप. दुसरा म्हणाला, जीव मारणं त्याहून मोठं. तिसरा म्हणाला, जीव मारायला नको तर घरात मीठ-मिरची वाटतो तेव्हा काय होतं. त्याला वाटताना नेमकं काय मरतं ते कुणी विचारलं नाही. एका म्हातारबुवांनी निकाल दिला की कॉलेज हेच सगळ्याचं मूळ. हे मात्र सगळ्यांना पटलं.

मी पेटीवर बसलो. बेळगावात आता विचारायला घर उरलं नव्हतं. माझ्यासाठी मोकळी जागा एकच होती, वखारीतली, आणि ती मी ओळखून होतो.

मी उठलो नि आक्कासमोर गेलो. मघाशी सभेत बोललो ते सगळं विसरलो होतो. "आक्का, त्याचा नेम त्याच्या आईपुढचा हाय. तुमचा तुमच्या दिरापायी. ह्यात खोटं कोण न्हाय. त्याला दिव्याला हात लावू देऊ नका. रोज मी लावतो. सणवार, सुट्टी, परीक्षा, कायबी असू दे."

"आन् तू बी चुकलास तर?"

"तर मला निपाणीत तंबाखू बडवायला जायला लागतंय."

ती नवऱ्याकडं वळली. तो दिवसभरात एकच वाक्य बोलायचा. ते त्यानं आता खर्च केलं. "त्येचं त्येला भ्या हाय. लावंल."

"गावाला जायाचं न्हाय हां," आक्का म्हणाली. "दिवाळीलाबी न्हाय."

"न्हाय."

"मंग उचल ती वळकटी. काय वास मारतोय तिचा! नेम धरायचा न्हाय तर न्हाय, धू तरी तिला एकदा."

चिकोडीकर त्या दिवसापासून दिवेलागणीला देवळात जाऊ लागला. दिवा त्याला दिसायचा नाही आणि त्यामुळं नेमही मोडायचा नाही. त्याच्या धर्मात ते बसतं की नाही हे त्याचं त्यानं बघितलं.

माझ्या संध्याकाळी मात्र गेल्या. वादविवाद गेला, किल्ल्याभोवतीचा फेरफटका गेला, सिनेमा गेला. ऊन कललं की मला वडगाव गाठायला लागायचं. पणती लावायची आणि मग करायला काही नाही, म्हणून काठावर बसायचं, पाय खाली सोडायचे आणि पुस्तक उघडायचं. कॉलेजातली पोरं म्हणायची, "ह्याला बायको करून आणायची गरजच न्हाय, ह्याला आधीच घरी जायला लागतंय." दिवाळीला आईच भेटायला यायची, पुडक्यात करंज्या घेऊन. पहिल्या वेळी तिनं खड्ड्यात बसलेल्या लेकाला बघितलं नि विचारलं, "हे कसलं रं कॉलेज?" मी म्हटलं, "कॉलेज न्हाय आई, ही खोली." ती हसली, खोकली आणि आक्काच्या बाजूला जाऊन बसली. दोघी कुठल्या तरी घरच्या गोष्टीवर लगेच एकमेकींना दुजोरा देऊ लागल्या.

चिकोडीकर दुसऱ्या खेपेला इंटर झाला आणि घरच्या दुकानात बसला. कणकुंबीकराला जंगलखात्यात नोकरी लागली. त्यानं परीक्षा दिलीच नाही. आक्काचा दीर काही परत आला नाही, निदान मी होतो तोवर तरी. खोलीत मी एकटा उरलो तरी भाडं आक्कानं वाढवलं नाही.

मी बी.ए. झालो. दुसऱ्या वर्गात. आमच्या घरातला आणि आमच्या गावच्या कुंभारवाड्यातला पहिला.