स्वरूपची रिकामी फांदी

नालासोपारा पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत विनयाताई अकरा वर्षं पाळणाघर चालवत होत्या. मूळच्या देवगडच्या. स्वतःला मूल झालं नाही. त्यावरून नातेवाइकांनी जे ऐकवायचं ते ऐकवून झाल्यावर त्यांनी दुसऱ्यांची मुलं सांभाळायला घेतली. बाईंच्या हाताला शिस्त होती. मुलं वेळेवर जेवत, वेळेवर झोपत, आणि मुंबईला नोकरीला जाणारे आईबाप निर्धास्त असत.

यंदा त्यांनी भिंतीवर पुठ्ठ्याचं झाड लावलं. सहा मुलं, सहा फांद्या. पानं जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली. कुणी आपलं बिस्कीट दुसऱ्याला दिलं, ढकलल्यावर सॉरी म्हटलं, की त्या मुलानं रंगात बुडवलेला अंगठा पानावर उमटवायचा आणि पान खळीने आपल्या फांदीला चिकटवायचं. एवढ्याशा पोरांना दया-माया तोंडी सांगून कळत नाही, ती हातांनी करून बघावी लागते, असं त्यांचं म्हणणं. आईबापांनी झाडाचे फोटो काढून नेले.

तीन वर्षांच्या आर्याची फांदी महिन्याभरात गच्च भरली. स्वरूपच्या फांदीवर एकच पान होतं.

स्वरूप पावणेतीन वर्षांचा. आई रुचिता कळंबच्या मासेमार घरातली, वालीवच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. पोरगा अजून बोलत नव्हता. हाक मारली तरी वळत नसे, दुसऱ्याच्या हातातलं खेळणं सरळ ओढून घेई. "सॉरी म्हण," असं विनयाताई दहादा बजावत, तर तो त्यांच्या तोंडाकडे बघून हसे. त्या हसण्याने त्यांचं डोकं फिरायचं.

बाकीच्या आयांना त्या अहो-जाहो करत. रुचिताला म्हणाल्या, "लाडावून ठेवलायस. हट्टी झालाय."

"घरी पन असाच करतो, ताई," रुचिता खाली मान घालून म्हणाली.

एका सकाळी स्वरूपने आर्याची बाहुली हिसकली. विनयाताईंनी सगळ्या मुलांना झाडासमोर बसवलं आणि स्वरूपचं ते एकुलतं पान नखाने खरवडून काढलं. "वाईट वागणाऱ्याला पान नाही," त्या म्हणाल्या. मुलांनी ते लगेच उचललं. टाळ्या वाजवत ती घोकू लागली, "स्वरूपला पान नाही, स्वरूपला पान नाही." टाळ्या दिसल्या म्हणून स्वरूपही खुशीत टाळ्या वाजवू लागला. विनयाताईंना तो कोडगेपणा वाटला.

मग मुलं त्याला चटईवर बसू देईनात. खाऊच्या वेळी पाठ करून बसत. विनयाताईंनी ते पाहिलं आणि थांबवलं नाही. एक दिवस मुलांनी त्याला बाथरूममध्ये ढकललं आणि आर्याने बाहेरून खालची कडी लावली. आतून दारावर थापा पडू लागल्या, मग रडणं. विनयाताई कुकरजवळ उभ्या होत्या. थोडं कळू दे त्याला, असं म्हणून त्यांनी भाजी चिरून पुरी केली. दार उघडलं तेव्हा तो ओल्या फरशीवर बसला होता आणि दार बडवून त्याची बोटं सुजली होती.

त्या संध्याकाळी रुचिताने बोटं पाहिली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. आठवड्याने एकटीच आली. हातात कागद होता.

"बोटं दाखवायला नेला, तर डॉक्टरनी कानपन तपासायला लावले. दोन्ही कानांनी खूपच कमी ऐकू येतं त्याला. जन्मापासून. डॉक्टर म्हनाले, तो ऐकत नव्हता असं नाही, त्याला ऐकूच येत नव्हतं."

विनयाताईंनी कागद पाहिला. मान्य करायला एक क्षण होता, तो त्यांनी घालवला. "तू आई ना त्याची? मग तुला कसं कळलं नाही?"

रुचिताने कागद परत घेतला. तिने कोपऱ्यातली स्वरूपची पिशवी उचलली, त्याची चड्डी दोरीवरून काढली आणि जिना उतरून गेली.

त्या रात्री विनयाताईंना जेवण गेलं नाही. सकाळी त्यांनी मुलांना बसवलं, नवं पान पुढे केलं. "आज आपण स्वरूपसाठी पान लावू या. आपण त्याच्याशी वाईट वागलो."

"नाही," आर्या म्हणाली. "तो वाईट आहे. तुम्हीच सांगितलं."

त्यांनी आर्याचा हात धरून अंगठा रंगात बुडवायला घेतला. ती मूठ आवळून किंचाळली. मग बाकीच्यांनीही हात पाठीमागे लपवले. कुणीच पान लावलं नाही.

दोन महिन्यांनी विनयाताईंनी रुचिताला फोन लावला. स्वरूप आता कळंबला आजीकडे असतो, एवढं तिने सांगितलं.

"त्याला परत पाठव," विनयाताई म्हणाल्या. "मी नीट बघेन. एकदा भेटू तरी दे."



"कानाला मशीन बसवलंय. आता कोंबडा आरवला तरी वळतो," रुचिता म्हणाली. "ताई, तुमचा आवाज त्याने अजून नीट ऐकला नाही. तो नाहीच ऐकला तर बरं."

फोन बंद झाला. आत मुलं भुकेने कुरकुरत होती. विनयाताईंनी वरणभात कालवला आणि पाच ताटल्या मांडल्या.