एका सुताचा बोगदा

बोगदा माझ्या इंजिनापेक्षा चारी बाजूंनी एक सूत मोठा होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पिंपरीच्या कारखान्यात, टूलरूममध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला एवढी फट उधळपट्टीच वाटते. आम्ही डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवीत असू. तेथे केसाएवढ्या फटीवरूनही बोलणी खावी लागत. म्हणून पत्र्याचा तो बोगदा रुळांवर बसवला, इंजिन हाताने आरपार ढकलले आणि ते कोठेही घासले नाही, तेव्हा माझे समाधान झाले. तसे कोणाला बोललो नाही.

इंजिन वाफेचे आहे. खरे. लांबी दोन हात, बॉयलर तांब्याचा. शेगडीत हरभऱ्याएवढे कोळशाचे तुकडे लागतात आणि फावडे म्हणून चहाचा चमचा. कारखान्यात लागण्यापूर्वी सातपुड्यातील एका लहान लोहमार्गावर मी इंजिनशेडमध्ये उमेदवारी केली होती. तेथील इंजिने डोक्यातून गेली नाहीत. निवृत्तीनंतर तीन वर्षे खपून बाल्कनीत हे बनवले. बाल्कनीत ते जेमतेम स्वतःच्या लांबीइतके पुढे जाई आणि तेवढेच मागे येई.

यंदा ताथवड्यातील आमच्या सोसायटीने गणपतीसाठी हलता देखावा ठरवला. घाटातली आगगाडी. पार्किंगमध्ये मंडप, मंडपात गोणपाटाचा डोंगर, डोंगरात बोगदा आणि मूर्तीभोवती फिरणारी माझी गाडी. इंजिनाला धावायला जागा मिळण्याचा हा पहिला आणि बहुधा शेवटचा प्रसंग होता.

डोंगर माझ्या शेजाऱ्याने रंगवला. तो चाकणच्या एका कंपनीच्या पेंटशॉपमधून निवृत्त झालेला, मूळचा लातूरकडचा. तो मला टूलरूम म्हणतो. मी त्याला पेंटशॉप. आमचे बरे चालते, म्हणजे रोज भांडण होते.

चाचणी रविवारी सकाळी घेतली. वाफ कमी पडू नये म्हणून बोगद्याच्या अलीकडे मी शेगडीत दोन चमचे कोळसा टाकला. शिट्टी दिली. इंजिन आत शिरले. पलीकडच्या तोंडातून प्रथम दाट काळा धूर बाहेर आला. इंजिन आले नाही. ते मधेच बंद पडले होते. मग दोन्ही तोंडांतून धूर येऊ लागला, छताला लागला आणि तेथला अलार्म वाजला. बावीस मजल्यांची इमारत जिन्याने खाली उतरली. एकाच्या अर्ध्या गालावर साबण होता. एक बाई लाटण्यासह आल्या होत्या.

माझी पत्नीही आली. "अहो, घरातली चिमणी धूर ओढत नाही म्हणून महिनाभर सांगतेय, ती उघडून बघायला तुम्हाला वेळ नाही. आणि इथे अख्ख्या सोसायटीला फोडणी देताय!"

लोक हसले. मी बोगद्याकडे पाहत राहिलो.

सोसायटीच्या अध्यक्षबाई माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, इंजिन सुंदर आहे, वादच नाही. पण मंडपात लहान मुलं येणार, म्हातारी माणसं येणार."

"म्हातारी माणसं म्हंजे आमीच की," पेंटशॉप म्हणाला.

"आणि सगळ्यात जास्त तुम्हीच खोकताय, काका." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "शनिवारी पुन्हा चाचणी घ्या. अलार्म वाजला, तर देखाव्यात मोटरवरची गाडी. ती मी आजच मागवून ठेवते."

ती गाडी दुसऱ्या दिवशी आली. प्लास्टिकची, लाल. शिट्टी रेकॉर्ड केलेली. मी तिच्याकडे एकदाच पाहिले.

त्या संध्याकाळी पेंटशॉप जमिनीवर पालथा पडून, मोबाइलच्या उजेडात बोगदा तपासत होता.

"टूलरूम, हे कामून एवढं टाइट केलंय?"

"टाइट नाही. एक सूत आहे."

"आन् हवा कुठून जायची?"

"हवेला अशी किती जागा लागते?"

"बगा!" तो उठून बसला. "जलम गेला ह्यांचा मायक्रोमीटर धरण्यात. ओ राव, आमच्या रंगाच्या बूथमंदी वरून हवा सोडायची आन् खालून ओढायची, दिवसभर तेच. हवा थांबली की रंगाचं वाटोळं. तुमी ही पिचकारी बनवलीय पिचकारी! इंजिन झालंय दट्ट्या. हवा म्होरं ढकलतंय आन् आपल्याच धुरात गुदमरतंय."

मी त्याला गप्प बसण्यास सांगितले. तो बसला नाही. त्याचे म्हणणे बरोबर होते.

घरी येऊन मी सातपुड्यातला बोगदा आठवला. तो अरुंद होता आणि चढावर होता. गाडी मंद चाले. वारा पाठीमागून आला की धूर तिच्याच चालीने तिच्याबरोबर येई. वर छताला आपटे आणि खाली इंजिनातल्या माणसांवर उतरे. ड्रायव्हर मला ओले फडके नाकाशी धरून खाली बसायला लावी, कारण श्वास घेण्याजोगी हवा तेवढी तळाशी उरे. स्वतः मात्र उभा राही. बोगदा जवळ आला की तो फावड्याला कोणाला हात लावू देत नसे. नवा कोळसा काळा धूर सोडतो. कोळसा धगधगून पांढरा झाला की धूर फारसा उरत नाही. "पोट भरून आत जायचं," तो म्हणे. "आत जेवायचं नाही आणि दारात तर मुळीच नाही." मी दारातच दोन चमचे वाढले होते.

सकाळी कात्री घेऊन खाली गेलो आणि बोगद्याचा पत्रा कापायला घेतला. पेंटशॉप चहाचा पेला घेऊन समोर बसला.

"किती जागा सोडायची म्हंता?"

"चार बोटे."

"बोटं? टूलरूममंदी बोटांनी मोजत्यात?"

"आजपासून मोजतात."

तो इतका हसला की चहा सांडला. मग पेला ठेवून पत्रा धरायला आला. बोगद्याच्या माथ्यावर आम्ही एक धुराडे काढले आणि डोंगरावरच्या कागदी झुडपात लपवले.

शनिवारी सगळे जमले. लाल गाडी टेबलावर तयार ठेवलेली होती. मी बराच आधी कोळसा घातला, तो पांढरा होईपर्यंत थांबलो, शेगडीचे दार लावले आणि शिट्टी दिली. इंजिन आत गेले. पेंटशॉप छताकडे पाहत होता, अध्यक्षबाई अलार्मकडे. इंजिन बाहेर आले. दुसरी फेरी झाली. तिसरी झाली. बोगद्याची दोन्ही तोंडे स्वच्छ होती. अलार्म गप्प होता.

लोकही गप्प होते. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "धूर कुठंय? हे तर विजेवरचं वाटतंय."

"हो ना," कोणीतरी म्हणाले. "मग ती लालच काय वाईट आहे?"

माझ्या तीन वर्षांचे भवितव्य पुन्हा टेबलावर आले. मी अध्यक्षबाईंकडे पाहिले. त्यांनी घसा साफ केला.

"काका... थोडासा धूर चालेल."

पेंटशॉप पोट धरून खुर्चीत बसला.

मी चमचा भरून घेतला, पण घाई केली नाही. इंजिन बोगद्यातून बाहेर पडून मंडपाच्या उघड्या बाजूला आले, तेव्हा शेजारून चालत कोळसा आत टाकला. काळा धूर उठला आणि वाऱ्यावर बाहेर गेला. टाळ्या पडल्या. आजींनी तर हात जोडले. गणपतीला की इंजिनाला, ते मी विचारले नाही. पुढचे दहा दिवस हाच क्रम ठेवला. प्रत्येक फेरीला एक चमचा, बोगद्यानंतर. लाल गाडी खोक्यात गेली.

विसर्जनानंतर घरातली चिमणी उघडली. पाल आत येऊ नये म्हणून तिच्या नळीच्या तोंडाला मीच जाळीचा पत्रा बसवला होता. त्याची भोके मी फार बारीक पाडली होती, अगदी एकसारखी. ती मोठी केली.

"काय झालं होतं हो?" पत्नीने विचारले.

"हवेला जागा नव्हती," मी म्हणालो. ती हसत होती.