मागच्या सीटचं हेल्मेट

लग्नात सुलेखाच्या हातात हिरवा चुडा काही केल्या चढेना. कासाराने तेल लावलं, साबण लावला, चार बांगड्या फोडल्या आणि शेवटी वैतागून म्हणाला, "पोरीचे हात आहेत का पैलवानाचे?" तिच्या आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुलेखा मात्र खदाखदा हसत होती. हे हात मोटारसायकलचा क्लच दाबून दाबून असे झालेत, हे तिचं ठाम मत, आणि ते तिने मांडवात सगळ्यांना ऐकवलंसुद्धा.

खोटं नव्हतंच ते. पुण्यात सहकारनगरला राहायची तेव्हा भावाची जुनी मोटारसायकल भावापेक्षा जास्त तीच फिरवायची. उंचीला दिलीपएवढीच, त्यामुळे पाय टेकायची अडचण नाही. आणि हा दिलीप, हा जो पुढे तिचा नवरा झाला, तो तेव्हा तिच्या मागे बसायचा! तळजाईच्या चढाला डोळे मिटून घ्यायचा. त्याला गाडी शिकवली तीही तिनेच. "अरे, क्लच हळू सोड, हळू!" ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता आणि तरी त्याने गाडी सरळ भाजीवाल्याच्या मेथीत घातली होती.

आता हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की चाळिशी ओलांडल्यावर, डब्लिनमध्ये, या दिलीपला मोटारसायकल घ्यायची हुक्की आली.

त्याचं ऑफिस चेरीवूडला, घरही चेरीवूडला. चालत गेला तरी चहा गार व्हायच्या आत पोचेल. सुलेखा ब्लँचर्डस्टाउनच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आधी ट्राम, मग बस. दोघांपैकी गाडीची गरज कोणाला होती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. दिलीपला कळलं नाही.

इथे आपलं भारतातलं लायसन्स चालत नाही, सगळं पहिल्यापासून. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत त्याने लेखी परीक्षा द्यायचं ठरवलं आणि सोबत म्हणून सुलेखालाही बसवलं. ती पैकीच्या पैकी गुण घेऊन पास झाली, तो काठावर. दोघांनाही शिकाऊ परमिट मिळालं. पुढे ट्रेनिंगचा कोर्स केल्याशिवाय रस्त्यावर गाडी काढता येत नाही, म्हणून ती म्हणाली, "चल, दोघंही नाव घालू या."

"आधी माझं होऊ दे गं," दिलीप म्हणाला. "मग मी तुला शिकवीन ना."

मी तुला शिकवीन! मेथीत गाडी घालणारा माणूस! तळपायाची आग मस्तकाला गेली तिच्या. पण ती हसली. बायका असं हसल्या की शहाण्या माणसाने सावध व्हावं, पण त्याला तेवढी अक्कल असती तर आणखी काय हवं होतं?

मार्चमध्ये सगळं बंद झालं. दिलीप घरी, पायजम्यात, लॅपटॉपसमोर. सुलेखा मात्र रोज सकाळी लॅबला. त्या दिवसांत तिथलं काम किती वाढलं होतं ते सांगायला नको. आणि बसमध्ये मोजकीच माणसं घ्यायचा नियम. बस यायची, ड्रायव्हर काचेतून हात वर करायचा, 'सॉरी' म्हटल्यासारखं, आणि पुढे निघून जायचा. ती तशीच पावसात उभी. एक जायची, दुसरी जायची. शेजारून एखादा मोटारसायकलवाला सुळकन निघून गेला की तिचा डावा हात क्लच दाबावा तसा आपोआप आवळला जायचा. संध्याकाळी घरी यावं तर नवरा सोफ्यावर पाय पसरून फोनवर हेल्मेटांची परीक्षणं बघतोय!

"हे बघ, कसलं भारी आहे!"

"हं," ती म्हणायची आणि ओले मोजे काढायला लागायची. तिला त्याचा हेवा वाटायचा. साधा नाही, घास गिळू न देणारा. तो घरी बसतो याचा, कोरडा असतो याचा, आणि सगळ्यात जास्त, तो गाडी चालवणार याचा.

जूनमध्ये दुकानं उघडली. न्हाव्यांची दुकानं मात्र अजून बंदच होती. दिलीपच्या डोक्यावर तीन महिन्यांचं रान माजलेलं. तसाच तो हेल्मेट घ्यायला गेला, आणि ही बरोबर.

दुकानदार वयस्कर, शांत, मास्कमधून बोलणारा. त्याने दोघांनाही डोक्यावर चढवायला पातळ कागदी टोप्या दिल्या, मापाची फीत दिली. एका घरातले म्हणून मापं एकमेकांनी घ्या म्हणाला. दिलीपचे केस दाबून धरत सुलेखाने फीत फिरवली. दोघांच्या डोक्याचा घेर सारखाच निघाला. दुकानदाराने त्या मापाचं हेल्मेट पुढे केलं आणि म्हणाला, "नवीन हेल्मेट घट्टच हवं. गाल दाबले गेले पाहिजेत. डोकं हलवलं की हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे, मागून नाही."

दिलीपने ते कसंबसं त्या झुडपावर चढवलं. "बाप रे, दाबतंय! एक नंबर मोठं द्या." मग सुलेखाकडे वळून मराठीत, "जरा सैलच बरं असतं. डोकं दुखत नाही."

आपल्याकडची ही जुनीच खोड. शाळेचा गणवेश घ्या वाढत्या अंगाचा, बूट घ्या पुढे कापूस कोंबून घालायचे. आणि हेल्मेट? ते तर पुण्यात चौकातल्या हवालदारासाठी घालायचं असतं, डोक्यासाठी थोडंच! दुकानदाराने एकदा सांगून पाहिलं, दोनदा सांगून पाहिलं, मग खांदे उडवले.

केस कापले की हे डबड्यासारखं हलणार, हे सुलेखाला तिथल्या तिथे कळलं. जिभेवर आलं होतं. पण तिच्या मनात आलं, मला कोण विचारतंय? मी सोबत आलेली. घे बाबा, घे सैल. आणि ती गप्प राहिली.

जॅकेटच्या बाबतीत उलटं. खांद्याला, कोपराला, पाठीला संरक्षक पॅड असलेलं काळं जॅकेट त्याने पोट आत ओढून, श्वास कोंडून, एक नंबर लहान घेतलं. आरशात बारीक दिसतो म्हणून! हातमोजेही तसेच, घट्ट आणि रुबाबदार.

मग साहेबांना एकदम औदार्याचा झटका आला. "तुलाही एक हेल्मेट घेऊ. मागे बसशील ना!"

मागे. हा शब्द तिच्या कानशिलात वाजला. तिने हेल्मेट चढवलं. गाल दाबले गेले, डोकं हलवलं तर हेल्मेट बरोबर फिरलं. दुकानदाराने अंगठा वर केला. "दॅट्स ग्रँड ऑन यू." आरशात तिला विशीतली सुलेखा दिसली आणि भर दुकानात डोळे भरून आले. बरं झालं, हेल्मेटमध्ये कोणाला दिसत नाही.

शिकाऊ परमिटवर मागे कोणालाही बसवता येत नाही, हे त्या परीक्षेच्या पुस्तकातच होतं. तिला पाठ होतं. तेही ती बोलली नाही.

घरी येऊन दिलीपने सगळा माल सोफ्यावर रुखवतासारखा मांडला आणि पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. तिच्या सासूबाई प्रभाताई डोळे किलकिले करून बघत म्हणाल्या, "अगंबाई, काय रुबाब! सुलेखा, तू मागे नीट धरून बस हो."

"हो आई," सुलेखा म्हणाली. नाकाला मिरच्या झोंबल्या तरी 'हो आई' म्हणायचं असतं. कॉल संपल्यावर तिने आपलं हेल्मेट उचललं आणि इथे ज्याला प्रेस म्हणतात त्या कपाटात, चादरींच्या मागे ढकलून दिलं.

न्हाव्यांची दुकानं उघडली त्याच आठवड्यात दिलीपने केस बारीक कापून घेतले. घरी येऊन हेल्मेट घातलं नि खूश! "बघ, म्हटलं नव्हतं? आता कसं आरामात बसतंय!" त्याने मान उडवली. हेल्मेट अर्धा क्षण मागून आलं. सुलेखा पोळ्या लाटत होती. लाटतच राहिली.

कोर्सची तारीख मिळाली सप्टेंबरची. पुन्हा निर्बंध येणार अशी कुजबुज चालू होती, ही तारीख गेली तर पुढची कधी ते देवालाच ठाऊक. सँडीफर्डच्या पलीकडे, गोदामांच्या मधल्या एका मोकळ्या आवारात ट्रेनिंग. ट्रामने दिलीप निघाला तो संपूर्ण चिलखतात. "तुझंही हेल्मेट घे," त्याने तिला फर्मावलं. "दोघांचा फोटो काढू, आईला पाठवू." सुट्टीच्या दिवशी, नवऱ्याचे फोटो काढायला, ती आपलं हेल्मेट पिशवीत घालून निघाली. सवयीने पायात लॅबला जायचे घोट्यापर्यंतचे जाड बूट.

शिक्षकाचं नाव डेक्लन. लाल दाढी मास्कच्या चारी बाजूंनी बाहेर आलेली. गाडी ट्रेनिंगवाल्यांचीच होती, पण अंगावरचं सगळं साहित्य ज्याचं त्याने आणायचं, करोनामुळे उसनं काही मिळणार नव्हतं. आणखी दोन शिकाऊ मुली होत्या, त्यांचं साहित्य तपासून झालं. मग दिलीप.

"हेल्मेटचा पट्टा लावा," डेक्लन दुरूनच म्हणाला. "आता कोणीतरी मागून कड धरून वर आणि पुढे ढकलायचं. मी जवळ येऊ शकत नाही. या तुमच्या मिसेस ना? मग तुम्हीच करा."

सुलेखा नवऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिली. पैलवानाचे हात हेल्मेटच्या कडेला लावले. हळूच ढकललं असतं तर ते जागेवर राहिलं असतं. तो पास झाला असता, हसत फोटोला उभा राहिला असता, आणि मग एखाद्या ओल्या वळणावर... तिने डोळे मिटले. पुढे काही बघवेना. त्याच वेळी तो जुना हेवाही उठला, बसच्या थांब्यावरचा. तिने सगळा जोर लावून ढकललं.

पट्टा लावलेला असतानाही हेल्मेट दिलीपच्या डोक्यावरून निघून डांबरावर आपटलं आणि गडगडत त्या दोन मुलींच्या पायाशी गेलं. ते तिने प्रेमाने केलं की जळफळाटाने, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"नो," डेक्लन म्हणाला. "सॉरी. यात मी तुम्हाला गाडीवर बसवणार नाही."

दिलीपचा चेहरा उतरला. मग एकदम उजळला. "सुलेखा! तुझं हेल्मेट! आपलं माप सेमच आहे ना? दे, लवकर दे."

सगळे तिच्याकडे बघत होते. पिशवी तिच्या हातात होती.

"नाही देणार," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही देणार. हे हेल्मेट आज गाडीवर बसेल, पण त्यात डोकं माझं असेल." तिने पिशवीतून हेल्मेट काढून काखेत धरलं. "सहा महिने मी बसच्या थांब्यावर भिजतेय, दिलीप. तू घरात बसून हेल्मेटं बघत होतास. माझा जीव जळत होता रे. तुला दिसलं नाही."

मग ती डेक्लनकडे वळली, पर्समधून परमिट काढून दाखवलं. डेक्लनने परमिट बघितलं, तिच्या पायातले बूट बघितले. "मला जागा भरल्याशी मतलब. पण जॅकेट आणि हातमोजे?"

दिलीपने आधी डेक्लनकडे बघितलं, मग तिच्याकडे. नंतर त्याने जॅकेटची चेन खाली ओढली.

आणि काय सांगू, ते जॅकेट तिला बसलं! एक नंबर लहान घेतलेलं, पॅड बरोबर कोपरावर, बरोबर खांद्यावर. हातमोजे तर तिच्याच मापाचे केल्यासारखे. डेक्लनने दिलीपला तिच्या हेल्मेटची परीक्षा घ्यायला लावली. त्याने मागून जोर लावून ढकललं, अगदी जोर लावून. हेल्मेट हललं नाही.

दुपारी त्या आवारात सुलेखाने क्लच दाबला, पहिला गियर टाकला. गाडी निघाली. कुंपणाशी दिलीप टीशर्टमध्ये कुडकुडत, काखेत खरचटलेलं हेल्मेट घेऊन उभा. "क्लच हळू सोड!" तो ओरडला. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. वाईट वाटत होतं का? वाटत होतं. थांबावंसं वाटलं का? छे!

परतीच्या ट्राममध्ये जॅकेट तिच्याच अंगावर होतं. प्रभाताईंचा कॉल आला. "काय रे, झालं का शिकून? फोटो नाही आला."

दिलीपने एकदा खिडकीबाहेर बघितलं. "आई, सुलेखा शिकली. माझं हेल्मेट सैल निघालं."

फोन ठेवून तो हेल्मेटवरचे ओरखडे अंगठ्याने घासत बसला. शेवटी तिनेच विचारलं, "जळतंय?"

"हो," तो म्हणाला. "खूप."

जो शब्द बोलायला तिला सहा महिने लागले, तो त्याने पाच स्टेशनांत बोलून टाकला. आता तिलाही गप्प राहवेना.

"मला दुकानातच कळलं होतं, ते सैल आहे म्हणून. बोलले नाही मी."

दिलीपने मान वळवली. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते. "आणि मी तसाच रस्त्यावर गेलो असतो तर?"

"रस्त्यावर नसतं जाऊ दिलं. तुझी फजिती होऊ दिली असती फक्त."

"तुला खात्री आहे?"

हो म्हणायला तिने तोंड उघडलं. पोळ्या लाटत होती ती संध्याकाळ आठवली, अर्धा क्षण मागून आलेलं ते हेल्मेट आठवलं, आणि नंतरचे सगळे महिने, ज्यात ती एक शब्दही बोलली नव्हती. हो तिच्या तोंडातून निघेना. तिने अंगातलं जॅकेट काढून त्याच्या खांद्यावर टाकलं. त्याने ते घातलं नाही, पण पडूही दिलं नाही.