पष्टेदादांचा बारीक भूकंप

कुठेही गेले तरी पष्टेदादा आधी बाहेर पडायचं दार शोधत. लग्नाला गेले तर नवरानवरीकडे नंतर. आधी मांडवाला वाटा किती ते पाहत. मुरबाडच्या एमआयडीसीत, पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला कॅन्टीनमधल्या बाकावरून उठवलं. "तिथं नको बसू रे. वर पान्याची टाकी हाय." मी विचारलं, टाकी पडते की काय? "टाकी नाय पडत. जमीन हलते," असं म्हणून, त्या जागी दुसरं कोणी बसू नये म्हणून त्यांनी तिथे आपला पाना ठेवला.

बाळाराम पष्टे आमचे मेंटेनन्स फिटर. आटगावकडून खोकणाऱ्या लुनावर बसून येत. तरुणपणी ते भातसानगरला धरणाच्या कामावर होते. तेव्हा तिकडे जमीन हलायची आणि वसाहतीतली माणसं अंगणात झोपायची. यथावकाश सगळे घरात गेले, पष्टेदादा मनाने अंगणातच राहिले. पुढे लातूरकडचा भूकंप झाला, पेपरातले फोटो त्यांनी पाहिले आणि ठरवलं की हे काम शास्त्रज्ञांच्या भरवशावर सोडण्यात अर्थ नाही.

मग यंत्र जन्माला आलं. डालड्याच्या डब्यात गवंड्याचा ओळंबा टांगलेला, त्याच्याभोवती तांब्याच्या तारेचं कडं, स्कूटरची बॅटरी आणि एका शाळेने भंगारात काढलेली विजेची घंटा. जमीन हलली की ओळंबा कड्याला टेकणार आणि घंटा वाजणार. "पयला धक्का नुस्ता निरोप सांगतो," दादा समजावत, "मारतो तो दुसरा. मधल्या टायमात भायेर पडायचा." आमच्याकडे पत्रा दाबणाऱ्या प्रेस दिवसभर आपटत असत, म्हणजे भूकंपाची घंटा लावायला याहून वाईट जागा तालुक्यात नव्हती. दादांनी मागच्या भिंतीशी, शेडच्या जमिनीपासून सुटा असा सिमेंटचा ओटा बांधला, डबा त्यावर ठेवला आणि तीही सोय करून घेतली.

राहिलं मागचं दार. घंटा वाजली की त्या दारातून चिंचेखाली जायचं, असा दादांचा बेत. पण भंगार चोरीला जाईल म्हणून मॅनेजरसाहेब त्याला कुलूप ठेवत. "भंगार ऱ्हाईल साहेब, मानसं जातील," दादांनी बरेच दिवस सांगून पाहिलं. मग एकदा मोठी प्रेस बंद पडली, माल घेऊन जायला ट्रक दारात उभा, आणि दादा कुलपाशी स्टूल टाकून बसले. दार उघडल्याशिवाय पाना हातात धरणार नाय, म्हणाले. माणसाच्या जिवाचं मोल साहेबांना त्या संध्याकाळी पटलं.

त्यानंतर आमच्याकडे जेवढे भूकंप झाले तेवढे जपानलाही झाले नसतील. खडी काढणाऱ्या खदानीत सुरुंग उडाला की घंटा. पाण्याचा टँकर गेला की घंटा. सगळे मशीन बंद करून चिंचेखाली, तिथे दादा प्रत्येकाच्या छातीला बोट लावून माणसं मोजणार, आणि आत जा म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही. साहेब तणतणत येत. "कुठे आहे भूकंप? कुणाला तरी जाणवला का?" दादांचं उत्तर ठरलेलं. "होता साहेब. पन बारीक होता." एकदा तर बाहेरून, ओट्यामागच्या भिंतीला एक म्हैस पाठ घासताना सर्वांदेखत सापडली. दादांनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "म्हस घाशीत होती त्ये खरं. पन त्याच टायमाला झाला."

मोठ्या प्रेसवरचा किसन मेंगाळ टिंगलीत सगळ्यात पुढे. "दादा, तंबाखू मळायचीय, एक होऊ द्या की!" दादा चिडत नसत. "भायेर ये म्हंजे झाला," एवढंच म्हणत.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. दादांनी डबा उघडून ओळंब्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची छोटी माळ घातली आणि झाकण बसवलं. तेव्हापासून घंटा गप्प. सुरुंग उडाले, टँकर गेले, म्हैसही येऊन गेली. हूं नाही की चूं नाही. दादांचा चेहरा उजळला. "आता शानी झाली. खरा असंल तरच बोलंल."

आणि दिवाळीच्या आधी एका दुपारी खरा आला. टेबल सरकलं, छपराचे पत्रे थडथडले. घंटा एक अक्षर बोलली नाही. पण पायांना आता घंटेची गरज कुठे होती? मशीन बंद, मागचं दार, चिंच. मी कधी धावलो ते मलाही कळलं नाही. आम्ही बाहेर पोहोचतो न पोहोचतो तोच आत केवढा तरी आवाज झाला. प्रेसचे जड साचे ठेवायचं लोखंडी रॅक कोसळलं होतं, नेमकं किसनच्या स्टुलावर. किसन चिंचेखाली उभा होता. तळहातावरची तंबाखू तशीच होती.

दादांनी माणसं मोजली, पुन्हा मोजली, आणि आत गेले. आम्ही मागोमाग गेलो तेव्हा ते उघडा डबा घेऊन उभे होते. ओळंबा आणि कडं यांच्यामध्ये झेंडूची सुकलेली माळ उशीसारखी बसली होती. "वाजली नाय रे," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. किसनने त्यांना धरलं. "दादा, मी जिता हाय ना!"

"त्ये झालं," दादा डोळे पुसत म्हणाले. "पन वाजली नाय."

माळ काढल्यावर घंटा पूर्वीसारखी, म्हणजे कशालाही, वाजू लागली. त्यानंतर काही वर्षांनी दादा हार्ट अटॅकने गेले. मला फार लागलं ते. शेडमध्ये शोकसभा झाली. मागच्या दारासाठी आपण आणि दादांनी मिळून कसा विचार केला होता, हे साहेब गहिवरून सांगत होते. तेवढ्यात खदानीत सुरुंग उडाला आणि घंटा वाजली. साहेबांचं वाक्य अर्धवट टाकून सगळा कारखाना चिंचेखाली गेला.

तिथे सगळे उभे राहिले. छातीला बोट लावणारं कोणी नव्हतं, आत जा म्हणणारंही नव्हतं, म्हणून कोणी हलेना. साहेब कागद हातात घेऊन बाहेर आले आणि सवयीने विचारलं, "कुठे होता भूकंप?"

किसनने बाहीने डोळे पुसले.

"होता साहेब," तो म्हणाला. "पन बारीक होता."