वारसाच्या रकान्यातलं नाव

लिहिणाऱ्यांच्या घरात मी जन्मलो नाही. कॉलेजात गेलेला घरातला पहिला मी, तेवढ्यावर हे लिहायला बसलो, म्हणून आधीच माफी मागतो. शिवाय गोष्ट अक्काची आहे. ती म्हणाली, "लिही, पन माले वाची दाखाडू नको."

मी जळगावला दुसऱ्या वर्षाला होतो. माझी मोठी बहीण, अक्का, शिंदखेड्याला एका कचेरीत शिपाई होती. तिची फारकत होऊन तीन वर्षं झाली होती. पंचांपुढे काडी मोडली आणि त्यांच्यातले एक म्हातारे अक्काकडे बोट दाखवून म्हणाले, "आजपासून ही पोर पुन्हा आपल्या बापाच्या नावाची." अक्काची मुलगी तिच्याकडेच राहिली. असोद्याला राहणारा मुलीचा बाप एकदाही भेटायला आला नाही.

मग अक्काच्या पोटात गाठ निघाली. धुळ्याच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं, तेव्हा तिला आठवलं, की नोकरीला लागताना फंडाच्या कागदावर वारस म्हणून नवऱ्याचं नाव लिहिलं होतं.

"माले काही व्हयनं तं बठ्ठा पैसा त्यालेच भेटी," ती म्हणाली. "मन्ही पोर कुठे जाई? तू शिकेल शे, भाऊ. तू भर फारम."

मी भरला. वारस, मुलगी. ती अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, म्हणून पालक मी. आणि अक्काच्या नावापुढे मी वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव लिहिलं.

"पगारले तं मी जुनीच सही करस," अक्का म्हणाली.

"फारकत व्हयनी ना? आते ते नाव कसाले?" मी तोऱ्यात म्हणालो.

माझ्या शब्दावर तिनं नव्या नावानं सही केली. एकेक अक्षर थांबून थांबून.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी मी तो कागद घेऊन तिच्या कचेरीत गेलो. हेडक्लार्कनी वाचून मान हलवली.

"या नावाची बाई आमच्याकडे नोकरीला नाही."

"शिपाई आहे, साहेब. माझी बहीण."

"ती आहे. ही नाही. सेवापुस्तकात नाव जुनंच, सही जुनीच. नाव बदललं कुणी?"

"पंचांनी..."

"पंच काय आमच्या आस्थापनेवर आहेत? कॉलेजात हेच शिकवतात का रे?"

मागच्या टेबलावर कुणीतरी हसलं. मग हेडक्लार्क हळू आवाजात म्हणाले, "वारस बदलायला नवऱ्याला विचारावं लागत नाही. सही जुळली पाहिजे, बस. हा कोरा फॉर्म घे. उद्या साहेब आहेत."

धुळ्याच्या बसमध्ये मांडीवर ठेवून मी तो कोरा फॉर्म अक्काच्या जुन्या नावानं भरला. हे आज कळलं नसतं आणि अक्काला काही झालं असतं, तर तिच्या पोरीच्या तोंडचा घास मी, तिच्या शिकलेल्या मामानं, काढून घेतला असता.

वॉर्डात मी तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"त्याना नावनी सही?"

"हां, अक्का. तूच खरं सांगेल व्हतं."

"दे पेन." तिनं झरझर सही केली.

साक्षीदार दोन हवे होते. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचा मुलगा गाद्या भरण्याचं काम करायचा. तो म्हणाला, "करतो सही. पण भाऊ, यात माझंच घर नाही ना जाणार?" अक्का हसली आणि पोट धरून कळवळली. दुसरी सही त्याच्या मेहुण्यानं केली.

सकाळी आमची आई आणि अक्काची मुलगी दवाखान्यात थांबल्या. मी कचेरीचा फोन नंबर त्या गादीवाल्याकडे देऊन शिंदखेड्याची पहिली बस धरली. साहेब बैठकीला गेलेले. कागद त्यांच्या टेबलावर, पेपरवेटखाली. मी बाकावर. माणूस गेल्यावर साहेबांची सही झाली तर कागद चालतो का, हे मला विचारायचं होतं. विचारलं तर तसंच घडेल असं वाटत होतं, म्हणून गप्प बसलो. बारा वाजले. दोन वाजले. सही झालेली नव्हती.

फोन वाजला. हेडक्लार्कनी उचलला. "हो... हो... आहे इथेच." ते बराच वेळ ऐकत होते. मी पेपरवेटखालच्या कागदाकडे बघत राहिलो.

त्यांनी रिसीव्हर ठेवला. "धुळ्याहून होता. बाई शुद्धीवर आली. पाणी मागतेय, आणि देत नाहीत म्हणून सगळ्यांवर चिडलीय."