जांगडीची पेटी आणि ठकूमावशीची दिवाळी

ट्रंकेचं झाकण उघडलं आणि आतून कडबोळी निघाली.

कडबोळ्यांच्या खाली बेसनाचे लाडू होते. लाडवांच्या खाली नव्या आंबेमोहोर तांदळाची पुरचुंडी होती. मी हात तळापर्यंत घालून पाहिला. तिथे नुसता पत्रा लागला. शेठ माझ्या मागे उभे होते. त्यांनी एक कडबोळं उचललं, नाकाजवळ नेलं आणि परत ठेवलं. मग म्हणाले, "इंदू, आपण काय पाठवलं होतं?"

आपण काय पाठवलं होतं ते मला तोंडपाठ होतं, कारण ते मीच निवडलं होतं. तीन पुस्तकं, त्यांतली एक ताजी कादंबरी, कागद कापायची शिंगाची सुरी, पानांत घालायच्या रेशमी फितीच्या खुणा, एक दिवाळी अंक. हे झालं वाचणाऱ्या बाईसाठी. नटणाऱ्या बाईसाठी चेहऱ्याला लावायच्या स्नोच्या दोन बाटल्या, फेस पावडरचा डबा, अत्तराची कुपी, सुगंधी तेल, केसांची जाळी आणि हातात धरायचा आरसा. दोन वेगवेगळ्या पेट्या, आणि त्या दोन्ही एका ट्रंकेत. ट्रंक गेली होती मळवलीला, एका मुंबईकर बाईंच्या बंगल्यावर.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे. मी लोणावळ्याच्या बाजारातल्या एका जनरल स्टोअर्समध्ये काउंटरवर होते. मॅट्रिक झालेली बावीस वर्षांची मुलगी दुकानात उभी राहते हेच लोकांना नवल होतं. शेठनी मला ठेवलं ते मोठ्या मनाने नव्हे, पक्क्या हिशेबाने. सीझनला बंगल्यांवर आलेल्या बायका पुरुषासमोर स्नो-पावडर मागायला लाजायच्या, साबण घेऊन परत जायच्या. मी उभी राहिल्यापासून त्या तासतास उभ्या राहू लागल्या. तरी नोकरी पक्की नव्हती. भाऊबीजेपर्यंत पाहू, असं शेठनी वडिलांना सांगितलं होतं. आणि भाऊबीजेनंतर नोकरी नसली तर तळेगावचं एक स्थळ आहे, असं वडिलांनी मला सांगितलं होतं. स्थळात खोट काही नव्हती. पण मला काउंटर आवडायचं. बाटलीचं बूच काढून गिऱ्हाइकाच्या मनगटाला अत्तर लावायचं आणि तिचा चेहरा पाहायचा, याच्यापुढे तळेगाव मला फिकं वाटायचं.

आता जांगड म्हणजे काय ते सांगते. जांगड म्हणजे पसंतीवर पाठवलेला माल. गिऱ्हाइकाने घरी बसून पाहायचा, हवा तो ठेवायचा, नको तो परत करायचा. बंगलेवाल्यांशी आमचा निम्मा व्यवहार असाच चालायचा. त्याचा एकच नियम होता: जांगड माल उघडा पाठवायचा. कागदात गुंडाळायचा नाही, फीत बांधायची नाही. पाहायलाच तर पाठवलेला असतो.

हा नियम मी मोडला होता. बाईंना दोन सुनांना पहिल्यांदाच एकत्र दिवाळीची भेट द्यायची होती. थोरली नटवी, धाकटी पुस्तकवेडी, असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं, आणि एकीला कमी एकीला जास्त वाटता कामा नये, असंही. मला तर उधाणच आलं. शेठना सांगून मी खास मुंबईहून माल मागवला. दोन्ही पेट्यांना लाल कागद, वर सोनेरी बेगडाच्या करंज्या कातरून डकवल्या, हिरवी फीत, फितीत झेंडूचं फूल. आत सुंदर अक्षरात चिठ्ठी ठेवली की माल जांगड आहे. शेठ त्या दिवशी पुण्याला गेले होते, नाहीतर त्यांनी तिथल्या तिथे फीत सोडायला लावली असती. मी ट्रंक टांग्यात चढवली आणि अर्धा तास स्वतःवरच खूश होऊन उभी होते.

दुसऱ्या दिवशी, वसुबारसेला सकाळी, ट्रंक परत आली. ती अशी.

शेठ ओरडणारे नव्हते. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बाई आज चारच्या गाडीने मळवलीला उतरणार. त्याआधी माल जसाच्या तसा त्यांच्या व्हरांड्यात मांडलेला दिसला, तर हे काउंटर तुझं. नाही दिसला तर तळेगावच्या मुलाला मी स्वतः पेढे नेऊन देईन."

दुपारच्या गाडीने मी मळवलीला उतरले. एकच स्टेशन, पण तेवढ्या वेळात मी सगळा माल मनातल्या मनात तीनदा परत मिळवला. बंगला स्टेशनापासून जवळच होता. तिथली देखरेख ठकूमावशीकडे होती. मावशीचा नवरा भातशेती बघायचा आणि मावशी वर्षभर बंगल्याच्या खिडक्या उघडायची, झाकायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. मग चिठ्ठी मी कोणासाठी लिहिली होती, हा प्रश्न मला त्या फाटकात उभं राहिल्यावर पहिल्यांदा पडला.

फाटकातच अत्तराचा वास आला. मी वासाच्या दिशेने गेले. तिथे गाय उभी होती. शिंगांना गेरू, गळ्यात झेंडूची माळ, आणि कपाळापासून शेपटीपर्यंत माझं गुलाबाचं अत्तर. वासरू तिला हुंगत होतं आणि शिंकत होतं.

"अवं ताई, तुमी दुकानातल्या न्हवं का?" मावशी मागून आली. तिचा चेहरा पांढरा फेक होता. पावडर तिने पिठासारखी लावली होती, कानांच्या पाळ्यांवरसुद्धा. "आज बारस हाय. म्हनलं, बाईसाहेबांनी धाडल्यालं अत्तर पयलं गंगीला लावावं."

मी विचारलं, मावशी, ट्रंक तुम्ही परत का पाठवलीत?

"मग? दिवाळीचा डबा आला तिथं कुनी रिकामा लावून देतं व्हय?"

आमच्या घरीही शेजारचा डबा कधी रिकामा गेला नव्हता. बाई दर दिवाळीला मुंबईहून पुढे ट्रंक पाठवत, तीत मावशीसाठी लुगडं असे. यंदा ट्रंक लोणावळ्याहून आली. वर बेगडाच्या करंज्या, हिरवी फीत. टांगेवाला बोलला, बाईसाहेबांचं दिवाळीचं आहे. त्यात खोटं काय होतं? भेटीसारखं दिसत होतं म्हणून तिने भेट समजून घेतलं. सगळी चूक माझ्या कातरीची होती.

मावशीने मला हात धरून मागच्या पडवीत नेलं. तिथे शेजारच्या पाच-सहा जणी बसल्या होत्या. सगळ्यांनी पाय पुढे पसरले होते आणि सगळ्यांच्या टाचा पांढऱ्या होत्या. भातकापणी चालू होती. चिखल सुकून टाचांना भेगा पडलेल्या, त्यांत स्नो भरला होता. दोन्ही बाटल्या चाटूनपुसून रिकाम्या. एक म्हातारी मला म्हणाली की असं औषध तिने जन्मात पाहिलं नाही, रात्री आग झाली नाही, झोप लागली. केसांची जाळी एकीने कोंबडीच्या पिल्लांवर झाकली होती. आरसा खांबाला टांगला होता आणि जी उठेल ती त्यात एकदा डोकावून येत होती, मग परत येऊन खुदखुदत होती.

"पुस्तकं?" मी विचारलं.

"ती मातूर लय खराब धाडली," मावशी म्हणाली. "पानं समदी येकाला येक जोडल्याली. मी इळा घिऊन मोकळी केली."

त्या काळी काही पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच येत. वाचणाऱ्याने कागदाच्या सुरीने एकेक पान फोडत पुढे जायचं, त्यातच अर्धी गंमत. माझ्या तिन्ही पुस्तकांची पानं भात कापायच्या विळ्याने सपासप मोकळी झाली होती. कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. मी कादंबरी हातात घेऊन खाली बसले. आणि मग, कसं सांगू, मला हसू आलं. रडू यायला हवं होतं. पण समोर पांढऱ्या टाचांच्या जोड्या, मागे अत्तराची गाय, आणि हातात विळ्याने फोडलेली कादंबरी. मी पदर तोंडात कोंबून हसत राहिले, आणि मी का हसते ते न विचारता त्या सगळ्या हसायला लागल्या.

मावशीला खरं सांगायचं मी दोनदा ठरवलं. पण ती मधेच म्हणाली, "तीस वर्सं लुगडंच धाडत्यात. औंदा माझ्या नटायचं मनावर घेतलं त्यांनी." मी तोंड मिटलं.

आता वेळ होता आणि परत मिळवण्यासारखं काही नव्हतं. मावशी म्हणाली, पुस्तक हातातच आहे तर वाचून दाखवा. मी वाचायला लागले. कादंबरीतली मुलगी लग्नाच्या आदल्या दिवशी घर सोडून नदीवर येते, तिथे एकच नाव असते. मला वाचता येतं हे ठाऊक होतं, पण वाचून दाखवता येतं हे त्या दिवशी कळलं. पडवीत कोणी पाय हलवेना. मुलीचं लग्न ठरवणाऱ्या आत्याला तर त्यांनी अशा शिव्या घातल्या की लेखकाने ऐकल्या असत्या तर आत्या बदलली असती.

वाचता वाचता चार वाजून गेले. बाई, मागे दोन सुना, त्यांच्या मागे हमाल, असे सगळे पडवीच्या दारात कधी येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही. मी उठू लागले, तर मावशीने माझा खांदा दाबून खाली बसवलं.

"बाईसाहेब, वाईच बसा," ती म्हणाली. "ती पोर नावंत चढलीया, आन् नावाडी कोन हाय ते आजून कळलं न्हाई."

बाई बसल्या. सुना बसल्या. मी नावाडी कोण ते वाचून काढलं आणि पुस्तक मिटलं. मग बाईंना आतल्या खोलीत नेऊन उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फीत, बेगड, चिठ्ठी, कडबोळी, सगळं. चूक माझी आहे हेही सांगितलं.

बाई कडक होत्या. त्यांनी विचारलं, "ठकूला वाटलं, हे मी पाठवलं?"

"हो."

"आणि तू तिला सांगितलं नाहीस?"

"तिने गायीलासुद्धा लावलंय, बाईसाहेब. मला सांगवेना."

बाई खिडकीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रागाने. मग त्या वळल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. "मग मीच पाठवलं," त्या म्हणाल्या. "तिला सांगायचं नाही. तुझ्या शेठना सांग, सगळा माल ठेवून घेतला."

बाहेर आलो तर आणखी निराळंच. थोरली सून, ती नटवी, कादंबरी घेऊन खांबाला टेकून बसली होती आणि हाक मारली तरी वर बघत नव्हती. धाकटी पुस्तकवेडी जोडे काढून ठकूमावशीसमोर बसली होती. मावशी स्नोच्या बाटलीत बोट फिरवून शेवटचा थेंब तिच्या टाचेला लावत होती आणि ती खांबावरचा आरसा हातात घेऊन स्वतःला पाहत होती.

बाईंनी दोघींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एक वाचणारी, एक नटणारी, असं तूच बांधलं होतंस ना?"

"तुम्हीच पत्रात लिहिलं होतं, बाईसाहेब."

"सहा वर्षं झाली थोरलीला घरात येऊन," त्या हळूच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दोन पेट्या नव्याने कर. दोन्हीत तेच भर. तीच कादंबरी दोघींना."

संध्याकाळी मी दुकानात शिरले तेव्हा शेठ दिवा लावत होते. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"माल?"

"खपला."

"सगळा?"

"अत्तरासकट. आणि दोन पेट्यांची नवी ऑर्डर आहे. कादंबरीच्या दोन प्रती लागतील."

कसा खपला हे मी सांगायला लागले, तर गाय येईपर्यंत त्यांनी ऐकलं आणि हात वर केला. पुढचं त्यांना नको होतं. "उद्या आठला ये," ते म्हणाले. "परवाही ये. रोजच ये. पण जांगडीच्या मालाला पुन्हा फीत बांधलीस तर मी तुझं ऐकणार नाही." वडिलांना त्यांनी स्वतः निरोप पाठवला. स्थळ तळेगावला राहिलं आणि मी काउंटरला.

पुढे मी बत्तीस वर्षं त्या काउंटरला उभी होते. दर दिवाळीला कोणीतरी यायचं आणि सांगायचं, आमची बहीण नुसती पुस्तकं खाते, किंवा आमच्या वहिनीला आरशाशिवाय काही सुचत नाही, तिला साजेसं काहीतरी द्या. गिऱ्हाईक आपल्या घरच्या माणसांबद्दल सांगत असताना ऐकून घ्यावं, मान डोलवावी, आणि पेटीत दोन्ही भरावं.