गाड्यांखालची गल्ली

इंग्लंडमधल्या एका जुन्या कापडगिरण्यांच्या गावात लेकीकडे राहत होतो. तिथल्या मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये एक म्हातारी रोज दिसायची. रिकाम्या जागेत, कोटाच्या खिशात हात घालून नुसती उभी असायची. एकदा मी विचारलं, "काही हरवलंय का तुमचं?"

"नाही. इथं आमचं स्वयंपाकघर होतं."

तिथे पूर्वी एक गल्ली होती. एकमेकांना चिकटलेली विटांची घरं, संडास मागच्या अंगणात. घरं राहण्यालायक नाहीत असं ठरवून नगरपालिकेनं सगळ्यांना गावाबाहेरच्या उंच इमारतींत हलवलं. तिची आई मात्र हलायला तयार नव्हती.

"मीच तिची समजूत काढली," ती म्हणाली. "म्हटलं, नळाला गरम पाणी येईल, थंडीत बाहेर जावं लागणार नाही."

नव्या घरात आईला करमेना. भिंतीपलीकडून कुणाचा खोकलासुद्धा ऐकू येत नव्हता. हिवाळ्यातल्या एका रविवारी ती कुणाला न सांगता चालत परत आली. तोवर गल्ली पाडून झाली होती. सोमवारी कामगारांना ती विटांच्या ढिगाऱ्यावर बसलेली सापडली, थंडीनं गारठून मेलेली.

घरं पाडायला यंत्रं आणावी लागली होती. आईला त्या घरातून उठवायला लेकीचे चार मायेचे शब्द पुरले होते.

मागून एका गाडीनं हॉर्न दिला. म्हातारी बाजूला सरली, गाडीवाल्याला "माफ करा" म्हणाली, आणि गाडी त्या जागेवर उभी राहिली.